लूनालाही पेडल होतेच! ई-सायकल व्यायामात धरायची का?

"डॉक्टर, इलेक्ट्रिक सायकल घेतली तर ती व्यायामात धरायची का?"

हा प्रश्न मला हल्ली वरचेवर विचारला जातो. पण ज्यांच्यामुळे हा लेख लिहायला बसलो, ते पंचावन्नचे गृहस्थ आहेत (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत). राहायला सिडकोत, नोकरी सातपूरला. मधुमेहाला सात वर्षं झाली, तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.२. डावा गुडघा कुरकुरतो. चालायला जा म्हटलं की शिफ्टचं कारण, जिमला जा म्हटलं की हसतात. त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःहून खिशातून मोबाइल काढला आणि एका सायकलचा फोटो दाखवला. वजन १७ किलो, छोटी मोटर, नळीत लपवलेली बॅटरी. कारखाना घरापासून सहा किलोमीटर. रोज त्यावरून जावं असा विचार होता. पण खात्यातल्या मित्रांनी थट्टा केली होती : "चालवणार बॅटरी, मग घाम कुणाला येणार? बॅटरीला?"

आणि मग त्यांनी खरी सल सांगितली. "माझे वडील जुन्या नाशकातून नाशिक रोडच्या प्रेसला तीस वर्षं सायकलने गेले. साधी काळी सायकल. त्यांना कधी शुगर झाली नाही. त्यांच्यासमोर ही बॅटरीवाली म्हणजे फसवणूकच वाटते हो."

त्यांना मी दोन मिनिटांत उत्तर दिलं, कारण बाहेर रांग होती. इथे रांग नाही, त्यामुळे तुम्हाला सविस्तर सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण ही "फसवणूक" वाटण्याची गोष्ट सायकलच्या बाबतीत पहिल्यांदा घडत नाहीये.

बेळगावातलं दुकान

मराठी माणसाच्या सायकलची गोष्ट बेळगावपासून सुरू करावी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले आणि तिथे लक्षात आलं की त्यांना रंग नीट ओळखू येत नाहीत. आज आपण याला रंगांधत्व म्हणतो. पुरुषांमध्ये ते चांगलंच आढळतं, उपचार नाही आणि बहुतेकांचं त्यावाचून अडतही नाही. लक्ष्मणरावांचंही अडलं नाही. ते रंग सोडून यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. मुंबईहून ते सायकली पाठवायचे आणि बेळगावात त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा त्या विकायचे. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात त्या दुकानापासून, १८८८ पासून मोजतो. पुढचे नांगर, पंप, इंजिनं सगळं नंतरचं.

या दुकानाची मला आवडणारी बाब म्हणजे रामूअण्णा सायकल विकून थांबत नसत, ती चालवायलाही शिकवत. तेव्हा सायकल ही चैनीची आणि थोडी भीतीची वस्तू होती. तोल कसा सांभाळायचा हे शिकायलाही गुरू लागे.

त्याच १८८८ साली तिकडे बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या गृहस्थांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. डनलॉप पेशाने जनावरांचे डॉक्टर. मुलाच्या तीनचाकी सायकलला भरीव रबराची चाकं होती, दगडी रस्त्यावर पोराची हाडं खिळखिळी होत, म्हणून त्यांनी हवा भरलेली नळी चाकाला बसवली. सायकल हलकी पळू लागली. मेहनत कमी करणारा हा पहिला मोठा बदल, आणि तो एका डॉक्टराने केला, याचा मला थोडा अभिमान आहे.

अभिमान फार टिकत नाही, कारण त्यानंतर लगेच माझ्याच पेशातल्या मंडळींनी काय केलं तेही सांगायला हवं. १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी "सायकल-चेहरा" नावाचा आजार शोधून काढला. म्हणे, तोल सांभाळण्याच्या ताणाने चेहरा कायमचा ओढलेला दिसू लागतो, आणि धोका विशेषतः बायकांना. पुरावा शून्य. बायका सायकलवर बसून एकट्या हिंडू लागल्या, हे न रुचल्याचं ते वैद्यकीय भाषेतलं भाषांतर होतं.

गिअरचंही तसंच. फ्रान्सच्या प्रसिद्ध सायकल शर्यतीचे, म्हणजे टूर द फ्रान्सचे, संस्थापक हेन्री देग्रांज यांचं मत असं की गिअर बदलण्याची सोय पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक, खऱ्या मर्दाने पायाच्या जोरावर जिंकावं. त्या शर्यतीत आजच्यासारख्या गिअरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं. आज गिअरवाली सायकल चालवणाऱ्याला कुणी लबाड म्हणत नाही.

घोड्यांची ट्राम आणि प्रेसची सायकल

आता नाशकात येऊ. नाशिक रोड स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर. स्टेशनावरून गावात यायचं कसं, हा जुना प्रश्न. १८८९ साली त्यावर उत्तर निघालं ते ट्रामचं : चार घोडे, दोन डबे, आणि मेन रोडवरच्या नगरपालिकेच्या जुन्या इमारतीपासून स्टेशनापर्यंत रूळ. आज तिथून जाताना खूण दिसत नाही. तोट्यात गेलेली ही ट्राम १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली.

ट्राम गेली, पण रोज जाणारी-येणारी माणसं वाढतच गेली. नाशिक रोडला नोटा-तिकिटांचा छापखाना १९२० च्या दशकात आला होता. १९६४ मध्ये ओझरला विमानांचा कारखाना आला, मग सातपूर, मग अंबड. शिफ्ट सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना वेगळं वर्णन नको. हँडलला अडकवलेला डबा, कॅरिअरला पिशवी, उजव्या पायाला पँट चेनमध्ये जाऊ नये म्हणून लावलेली क्लिप. पोरांसाठी तासाच्या भाड्याची सायकल, आधी नळीखालून पाय घालून हाफ पेडल, गुडघे फुटल्यावर फुल पेडल. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसलं की पोलिसाची भीती.

आमच्या पेशंटच्या वडिलांचा हिशेब मी मांडून बघितला. एका बाजूला साधारण नऊ किलोमीटर, ताशी पंधराच्या वेगाने छत्तीस मिनिटं. येऊन-जाऊन बहात्तर. आठवड्याचे सहा दिवस धरले तर सात तासांच्या वर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. वडील त्या वरच्या आकड्याच्याही बरेच पुढे होते, आणि आयुष्यात "व्यायाम" हा शब्द त्यांनी स्वतःसाठी कधी वापरला नसेल. ते फक्त कामाला जात होते.

(शुगर न होण्याचं सगळं श्रेय सायकलला देऊ नका. जेवण वेगळं होतं, वजन वेगळं होतं, आणि तेव्हा साखर तपासत तरी कोण होतं?)

कामातल्या हालचालीचं मोल वैद्यकशास्त्राला तसं उशिरा कळलं. लंडनचे डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये तिथल्या दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच बस, एकच शहर, जवळपास तेच राहणीमान. ड्रायव्हर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढ-उतार करणारा. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त निघाला. दोघांपैकी कुणीही जिमला जात नव्हतं.

लूना

आणि मग १९७२ साली लूना आली. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकची, इटलीच्या एका मोपेडवर बेतलेली, पन्नास सीसीची. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचा तो काळ. लूना हलकी, स्वस्त, सायकल येणाऱ्या कुणालाही जमणारी. शिक्षिका, नर्स, दूधवाले, एलआयसीचे एजंट यांच्या आयुष्यात तिने काय बदल केला हे मी सांगायची गरज नाही. पहिल्यांदाच बायका स्वतःच्या वाहनावर कुणाला न विचारता दूर जाऊ लागल्या. त्यामुळे मी लूनाविरुद्ध एक शब्द बोलणार नाही.

फक्त एक तपशील लक्षात आणून देतो. लूनाला पेडल होते. आठवतंय? स्टँडवर लावून पेडल मारायचे, इंजिन फुटफुटलं की झालं. पेट्रोल संपलं तर पेडल मारत पंपापर्यंत. डबलसीट घेऊन चढावर दम तोडू लागली तर थोडी पायांची मदत. एरवी पेडल म्हणजे पाय ठेवायची जागा.

आमच्या घरी लूना आली तेव्हा मी शाळेत होतो. वडिलांची सायकल आधी जिन्याखाली गेली, मग टायर बसले, मग एका रविवारी भंगारवाल्याकडे. दोनच वर्षांत वडिलांच्या शर्टाची खालची बटणं ताणू लागली. आईने शिंप्याला दोष दिला. आज मागे वळून बघताना वाटतं, पाय पेडलवरच होते की! दिसायला काहीच बदललं नव्हतं. फक्त पायांचं काम गेलं होतं.

मराठी शहरांत सायकल नुसत्या गाड्यांच्या गर्दीने मागे पडली नाही, प्रतिष्ठेनेही पडली. सायकल म्हणजे ज्याला लूना परवडत नाही त्याची, असं ठरून गेलं. आणि जेव्हा परतली, तेव्हा थेट खेळ होऊन परतली. यात नाशिकचा वाटा मोठा आहे. २०१५ मध्ये आपले डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन, एक भूलतज्ज्ञ आणि एक दंतवैद्य, या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. दोन वर्षांनी लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पूर्ण केली, असं करणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थही. सगळे डॉक्टर! आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरला सायकल वारीही निघते.

मला या सगळ्यांचं अतोनात कौतुक आहे. पण दवाखान्यात बसल्यावर मला दुसरी बाजूही दिसते. माझ्या पेशंटला आता वाटतं की सायकल म्हणजे पहाटे साडेचारला उठणाऱ्या, घट्ट कपड्यांतल्या, लाखभराची सायकल असलेल्या लोकांचं काम. वडील रोज जे करत होते ते आपल्याला जमणार नाही, अशी त्याची खात्री झालेली असते.

जपानमधली एक साधी अट

सायकलला वीज जोडण्याची कल्पना जुनी आहे. मागच्या चाकात मोटर बसवलेल्या सायकलचं पेटंट अमेरिकेत १८९५ सालचं आहे. अडचण होती ती बॅटरीच्या वजनाची. १९९१ मध्ये लिथियम-आयनची बॅटरी बाजारात आली आणि पुढे ती अडचण हळूहळू सुटली. आज १७ किलोची ई-सायकल मिळते, म्हणजे आपल्या जुन्या काळ्या सायकलपेक्षाही हलकी.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते साल १९९३. त्या वर्षी जपानमध्ये यामाहाने एक सायकल आणली. बॅटरी शिशाची, वजन तीस किलोच्या आसपास, दिसायला साधीच. तिची अट मात्र मोलाची होती : तुम्ही पेडलवर जितका जोर लावाल, मोटर जास्तीत जास्त तेवढीच भर घालणार. तुम्ही थांबलात की मोटर थांबली. जपानी कायद्यात तिला सायकल म्हणून मान्यता मिळायची तर हे आवश्यक होतं. लूनात इंजिन चालू झालं की पाय रिकामे. इथे पाय रिकामे झाले की मोटर बंद. सगळा फरक एवढाच आहे.

यामुळे शरीराला काय होतं? थोडं गणित सोसा. तुमचं वजन ७० किलो आणि सायकलचं २० धरू. सपाट रस्त्यावर ताशी पंधराने जायला पायांना ५०-६० वॉट ताकद लागते. बहुतेकांना सहज जमते. आता चढ घ्या, शंभर मीटरला चार मीटरचा, आणि वेग ताशी बारा. लगेच दीडशे वॉट. बैठ्या आयुष्याच्या पंचावन्न वर्षांच्या माणसाला दीडशे वॉट म्हणजे धाप, छातीत धडधड, गुडघ्यात कळ. नाशिक नऊ टेकड्यांवर वसलं असं म्हणतात ते उगाच नाही. नदीवरून होळकर पूल ओलांडून रविवार कारंज्याकडे पायी या, म्हणजे पोटऱ्याच सांगतील.

लोक सायकल सोडतात ती संपूर्ण रस्त्यामुळे नाही, त्यातल्या त्या तीन-चार मिनिटांमुळे. पेडलला साथ देणारी मोटर नेमकी तेवढीच मिनिटं सोपी करते. बाकी रस्ता तुमचाच.

"पण श्रम कमी तर होणारच ना?" होणार. स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात २०११ मध्ये १८ जणांना चढाच्या रस्त्यावर चालायला आणि साध्या व इलेक्ट्रिक सायकलवर जायला लावलं. साधी सायकल सर्वांत दमवणारी, यात नवल नाही. पण मोटरची जास्तीत जास्त मदत घेऊनही श्रम जवळपास चढावर चालण्याइतकेच भरले. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये २०१६ साली बैठी कामं करणाऱ्या २० जणांनी महिनाभर कामावर ई-सायकलने ये-जा केली. ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांची त्यांची साखर आधीपेक्षा कमी आली. वीसच माणसं, एकच महिना, म्हणून मी यावर किल्ला बांधणार नाही, पण दिशा बरोबर आहे. २०१९ मध्ये सात युरोपीय शहरांतल्या पाहणीत तर ई-सायकलवाल्यांची आठवड्याची एकूण हालचाल साध्या सायकलवाल्यांइतकीच भरली, कारण ते जास्त लांब जात होते. मात्र साधी सायकल सोडून ई-सायकल घेतलेल्यांची हालचाल थोडी घटली. तेव्हा तुमची साधी सायकल मजेत चालत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, तीच चालवा.

दुकानात काय विचारायचं

आपल्याकडे २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल, तर अशा सायकलला ना लायसन्स लागतं, ना नोंदणी. याच सवलतीत आपली जुनी लूना पुन्हा आत शिरते, कारण बाजारातल्या अनेक ई-सायकलींना हँडलवर थ्रॉटल असतो. पिळला की गाडी पळते, पेडल नुसते पाय ठेवायला. दुकानदार आधी थ्रॉटलच दाखवतो, कारण गिऱ्हाईक त्यावरच खूश होतं. खरी लूनाही २०२४ मध्ये विजेवर परत आली आहे, आणि तिला आता पेडलच नाहीत. हे मला जास्त प्रामाणिक वाटतं.

म्हणून विचारा : मोटर पेडलवरच्या जोराला साथ देते (टॉर्क सेन्सर), की पेडल नुसते फिरले की सुरू होते? पहिली महाग असते, पण पाय कामाला लावते. दुसरीतही चालेल, मदत सर्वांत खालच्या पातळीवर ठेवून. श्रम पुरेसे होताहेत का, हे बघायला घड्याळ नको. बरोबरच्या माणसाशी बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला की बस.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी निघू नका, खिशात साखर ठेवा. अँजिओप्लास्टी किंवा हार्ट अटॅकला फार काळ झाला नसेल तर आधी तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. छातीत दडपलं तर "चढ आहे म्हणून" अशी स्वतःची समजूत घालू नका, थांबा. सीट इतकी उंच हवी की पेडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील. गुडघे दुखणारे निम्मे लोक सीट खाली ठेवून चालवतात. आणि हेल्मेट. वेग वाढलाय, रस्ते तेच आहेत.

आमचे गृहस्थ मागच्या शनिवारी दुकानात गेले आणि थ्रॉटलची वायर काढून द्या म्हणाले. दुकानदाराने दोनदा विचारलं, "नक्की काढू? सगळे उलट मागतात." काढून घेतली. पहिल्या दिवशी कारखान्यात पोहोचायला सत्तावीस मिनिटं लागली, आणि मित्रांना दाखवायला म्हणून त्यांनी शर्टाच्या पाठीवरचा घाम मुद्दाम पुसला नाही. पुढची एचबीए१सी तीन महिन्यांनी करायची आहे.